तीन ठिपक्यांची कॅप

सुरुवातीलाच माफी मागतो. मी लिहिणारा माणूस नाही. आमच्या घरात दहावीच्या पुढं गेलेला मी पहिलाच. वडील सही करतात, पण ती करताना जीभ दातात धरतात. आई अजूनही माझ्या हातात पुस्तक दिसलं की समोरून जात नाही, बाजूनं वळसा घेऊन जाते. अशा घरातल्या पोरानं चार पानं लिहून लोकांपुढं ठेवणं मला स्वतःलाच जरा आगाऊपणाचं वाटतं. शुद्धलेखनाच्या चुका असतील तर सुधारून वाचा. दुसरी एक चूक आहे, ती मात्र सुधारता येणारी नाही, आणि हे लिहिणं तिच्याबद्दलच आहे.

आमच्या कॉलेजात मुलं दरवर्षी एक छोटी रेसची गाडी बनवतात. यंदाच्या मुलांनी मला विचारलं, "दादा, इंजिनचं बॅलन्सिंग आणि ब्लूप्रिंटिंग करून घ्यावं का? खरंच काही फरक पडतो, की नुसती हौस?" मी गावाकडं असं एक इंजिन हातानं केलेलं आहे, हे त्यांनी कुठूनतरी ऐकलं होतं. मी म्हणालो, लिहून देतो. तोंडानं सांगायला गेलो असतो तर अर्धंच सांगितलं असतं, हे मला माहीत होतं. दीड वर्ष मी अर्धंच सांगत आलोय.

आणखी एक कारण आहे. हे लिहून झालं की मी ते कळमनुरीला घेऊन जाणार आहे. ज्या मिस्त्री चाचांकडं मी ते इंजिन शिकलो, त्यांच्यासमोर बसून वाचून दाखवणार आहे. त्यांच्याकडं बघून जे बोलता आलं नाही, ते कागदाकडं बघून बोलता येईल, असं वाटतं. दिवाळीच्या सुट्टीला अजून बारा दिवस आहेत.

आधी बॅलन्सिंग म्हणजे काय ते सांगतो. मला ते कॉलेजात जायच्या आधीच कळलं होतं, फक्त त्याला हे नाव आहे हे माहीत नव्हतं. माझे वडील हळदीच्या ड्रमवर काम करतात. शिजवून वाळवलेली हळद जाळीच्या लोखंडी ड्रममध्ये भरतात, ट्रॅक्टरच्या जोरावर तो फिरवतात, आणि हळकुंडं एकमेकांवर घासून वरचं साल निघून जातं. आमच्या भागात उन्हाळ्यात गावोगाव हे ड्रम फिरत असतात. माल ड्रममध्ये सारखा पसरला असेल तर ड्रम गुमान फिरतो. एका अंगाला बसला की उड्या मारायला लागतो. वडील ड्रमकडं बघतसुद्धा नाहीत, खालच्या चौकटीवर तळहात ठेवून उभे असतात. जरा थरथर वाढली की ट्रॅक्टरवाल्याला म्हणतात, "कमी कर, कमी कर. माल बसलाय." पुढं पुस्तकात वाचलं की वेग दुप्पट केला तर हा झटका चौपट होतो. वडिलांना चौपट हा शब्द ठाऊक नव्हता. तळहाताला ठाऊक होता.

इंजिनचंही तसंच आहे. चार पिस्टन आणि त्यांना क्रँकला, म्हणजे खालच्या फिरत्या दांड्याला, जोडणारे चार रॉड मिनिटाला हजारो वेळा वरखाली होतात. एखादा जरा जड असला तरी हळू चालताना काही कळत नाही. वेग वाढला की तो जडपणा हातोड्यासारखा बसतो. चौघांची वजनं सारखी करणं म्हणजे बॅलन्सिंग. ब्लूप्रिंटिंग त्याच्यापेक्षा कंटाळवाणं काम आहे. कंपनी प्रत्येक भागाला थोडी सूट देते. अमुक मापापासून तमुक मापापर्यंत असला तरी चालेल, असं म्हणते. ब्लूप्रिंटिंग म्हणजे ती सूट घ्यायची नाही. प्रत्येक माप मूळ नकाशात जिथं असायला हवं तिथंच आणून ठेवायचं.

चाचांना यातला एकही शब्द माहीत नव्हता. ते एवढंच म्हणायचे, "कंपनीनं सूट दिली म्हणून आपुन काहून घ्यायची? आपुन काय फुकटे हाव?"

त्यांच्याकडं मी गेलो तो सर्टिफिकेटसाठी. पहिल्या वर्षाच्या सुट्टीत कुठंतरी काम शिकल्याचा कागद आणायचा होता. मोठ्या दुकानांनी दारातूनच परत पाठवलं. नांदेडच्या रस्त्याला चाचांचं पत्र्याचं शेड होतं. वय पासष्टच्या पुढं. डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता, चष्म्याची एक काडी तारेनं बांधलेली. मी माझं काम सांगितलं. त्यांनी डिझेलमधले हात पुसले आणि म्हणाले, "सर्टिफिकेट माझ्याजवळ न्हाई. असतं तर मी बी लावलं असतं भिंतीला. शिकायचं असंल तर बस."

बसलो. कॉलेजात सर्टिफिकेट शेवटी कुठलंतरी दुसरंच दिलं आणि प्रत्येक सुट्टीला चाचांकडं जाऊ लागलो. घरी ते दखनी बोलायचे, आमच्याशी मराठी, आणि इंजिनशी काहीतरी तिसरंच.

दुसऱ्या वर्षाच्या उन्हाळ्यात शिरड शहापूरचा एक जण गाडी घेऊन आला. वयानं माझ्यापेक्षा सात-आठ वर्षांनी मोठा, म्हणून मी त्याला दादा म्हणायचो. पोटासाठी जेसीबी चालवायचा आणि जीव लावायचा तो एका जुन्या, चौकोनी, पेट्रोलच्या गाडीवर. मातीच्या मैदानावर गाड्यांच्या शर्यती होतात, तिकडं तो गाडी न्यायचा. दोनदा शेवटून दुसरा आला होता.

"शेवटून पहिला कोन आला?" चाचांनी विचारलं.

"त्याची गाडी चालूच झाली न्हाई, चाचा."

"मंग बराबर हाय. तुझी निदान चालू तर झाली."

दादाला इंजिन वरपर्यंत पळवायचं होतं, मिनिटाला सात हजार फेऱ्यांच्या पुढं. सगळे त्याला पुण्याला जा म्हणत होते. रस्त्यापलीकडच्या गॅरेजवाल्यानं तर चाचांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं होतं, "म्हाताऱ्याला आता नट दिसंना, अन् तू त्याला रेसचं इंजिन देऊन राहिला?" चाचांनी ते ऐकलं होतं. त्या दिवशी ते एवढंच बोलले, "हे एक इंजिन करतो. मंग डोळ्याचं बघू." त्या रस्त्यावर चाळीस वर्षं ज्या माणसाच्या हाताचं नाव होतं, त्याला ते हात अजून आहेत हे एकदा दाखवायचं होतं. मला ते तेव्हा कळलं होतं. म्हणूनच पुढचं जास्त लागतं.

चाचांची वजन जुळवायची रीत मी दुसरीकडं कुठं पाहिली नाही. ओळखीच्या सराफाचा एक जुना पितळी तराजू त्यांच्याकडं होता. वजनं नव्हती, नुसता तराजू. एका पारड्यात एक पिस्टन, दुसऱ्यात दुसरा. रॉड असेल तर त्याचं एक टोक दोरीनं आढ्याला टांगायचं आणि दुसरं टोक पारड्यात ठेवायचं, म्हणजे दोन्ही टोकं वेगवेगळी तोलता येतात. मी पहिल्यांदा विचारलं, "पण चाचा, वजन किती आहे ते कसं कळणार?"

"किती हाय ते सरकारला लागतं. मला काय करायचं? कोन जड हाय एवढं सांग."

काटा त्यांना दिसत नव्हता. ते पारड्याखाली करंगळी धरायचे, अगदी टेकेल न टेकेल अशी, आणि डोळे मिटून घ्यायचे. मग म्हणायचे, "हा जड." मग कानशीनं त्या जड तुकड्याच्या नको त्या जागेवरून चिमूटभर लोखंड काढायचे. पुन्हा तराजू. पुन्हा करंगळी. सगळ्यांत हलका असेल त्याच्या बरोबरीला बाकीचे तिघं आणायचे. एका दिवसात एक रॉड व्हायचा.

दादा जेसीबीवरून सुटला की यायचा आणि दारात उकिडवा बसायचा. "चाचा, ह्या गतीनं माझं लग्न आधी व्हईल."

"तुला पोरगी कोन देतंय? शेवटून दुसऱ्याला?"

मग मोर्चा माझ्याकडं वळायचा. "काय इंजिनेर, कालेजात शिकवलं का न्हाई नट कोनीकडं फिरवतेत ते?"

मी हसायचो. पण मनात कुठंतरी ते टोचायचं. मी दोन वर्षं शिकत होतो, घरचे उपाशी राहून शिकवत होते असं नाही, पण आईनं माझ्यासाठी पुष्कळ गोष्टी घेतल्या नव्हत्या. एवढं शिकून मी चाचांना काहीतरी दिलं पाहिजे, असं मला वाटायचं. त्यांना माहीत नसलेलं काहीतरी.

मी कॉलेजच्या एका मित्राकडून छोटा इलेक्ट्रॉनिक काटा आणला. ग्रॅमच्या दहाव्या भागापर्यंत दाखवणारा. एका शुक्रवारी चाचा जुम्म्याच्या नमाजला गेले. जाताना म्हणाले, "चारी रॉड पुसून, जोड्या लावून ठेव चादरीवर. आलो की राहिलेलं तोलू."

इथं थोडं समजावून सांगावं लागेल. रॉडचं खालचं टोक म्हणजे एक कडं असतं, आणि ते मधून दोन भागांत उघडतं. वरचा अर्धा भाग रॉडचाच, खालचा अर्धा वेगळा निघतो, त्याला कॅप म्हणतात. त्या दोघांत, मध्ये बेरिंगच्या पातळ पट्ट्या घालून, क्रँक धरून बोल्ट आवळतात. चाचा इंजिन उघडताना प्रत्येक रॉडवर आणि त्याच्या कॅपवर एकाच बाजूला टोकदार पंच ठोकून ठिपके पाडायचे. पहिल्याला एक, दुसऱ्याला दोन, असे. जोडताना अंगठा दोन्हींवरून फिरवायचे. ठिपके जुळले की पुढं.

मी एकटा होतो. चारही रॉड आणि चारही कॅप वेगवेगळे तोलले आणि आकडे मोबाईलमध्ये भरले. बघताना एक गोष्ट लक्षात आली. दुसऱ्या रॉडला तिसऱ्याची कॅप लावली आणि तिसऱ्याला दुसऱ्याची, तर चारही जोड्यांचं वजन आपोआप सारखं होत होतं. कानस न लावता. लोखंडाचा कणही न काढता. मी तीनदा हिशेब केला. चाचा जे चार दिवसांत करणार होते ते मी कागदावर अर्ध्या तासात केलं होतं, आणि रॉडचं लोखंड वाचलं म्हणजे तो मजबूतही राहणार. मी त्या दोन कॅपची अदलाबदल केली आणि जोड्या चादरीवर मांडल्या.

चाचांना लगेच सांगायचं नाही असं ठरवलं. सांगितलं असतं तर ते "न्हाई" म्हणाले असते आणि हे बरोबर कसं, ते मला त्यांना पटवता आलं नसतं. गाडी चालू होऊ दे, मग सांगू, असा माझा विचार होता.

चाचा आले, टोपी खिशात घातली, बसले. काटा बघून जरा हसले. "ह्याच्यात काय निघालं?"

"चारी सारखे निघाले, चाचा."

"सारखे? कालपर्यंत दुसरा जड होता."

"ह्याच्यावर बघितलं. सारखे आहेत."

त्यांनी पारड्यात ठेवून करंगळी धरली. बराच वेळ. मग मान हलवली. वजन खरंच सारखं होतं. ते माझ्याकडं असं बघत होते की मला ती नजर अजून आठवते. धूसर डोळे, पण त्यांत मी होतो. "शिकलेल्याचं काम न्यारंच," ते म्हणाले.

मग जोडायला घेतलं. पहिला रॉड बसला. दुसरा घेतला, अंगठा फिरवला, आणि थांबले. परत फिरवला.

"हे दोन हायेत का तीन?"

चादरीवर उन्हाचा पट्टा पडला होता. माझ्या समोर ठिपके स्वच्छ दिसत होते. रॉडवर दोन, कॅपवर तीन.

"दोनच आहेत, चाचा. जुळतात. मी बघितलंय."

त्यांनी अंगठा अजून एकदा त्या जागेवर ठेवला. मग तो अंगठा सदऱ्याला पुसला. "चमडी जाड झाली बघ," म्हणाले, आणि बोल्ट आवळायला घेतला. तिसऱ्याला त्यांनी अंगठा फिरवलाच नाही.

सगळं बसल्यावर क्रँक हातानं फिरवून बघायचा असतो. चाचांनी फिरवला. "जरा जड वाटून राहिलंय."

"नवीन बेरिंग आहेत ना."

"व्हय," ते म्हणाले. "नवीन हायेत."

गाडी चालू झाली. काय गोड चालली म्हणून सांगू. चाचांनी चहाची भरलेली बशी इंजिनच्या वरच्या झाकणावर ठेवली. चहाच्या कडेला बारीक रेषा उमटत होत्या, पण एक थेंब सांडला नाही. दादानं बशी उचलून तोच चहा पिऊन टाकला आणि म्हणाला, "चाचा, आता पोरगी भेटंल." पलीकडचा गॅरेजवाला येऊन उभा राहिला. चाचांनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि त्याला ऐकू जाईल असं म्हणाले, "ह्या लेकरानं केलंय. मी नुसते बोल्ट आवळले."

त्या क्षणी मी सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही. कौतुक चालू असताना माणूस खोटं उघडं करत नाही, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

शर्यत झाली तेव्हा सुट्टी संपून माझी चाचणी परीक्षा चालू होती. शेवटचा पेपर देऊन मी चाचांना फोन केला. इंजिन तिसऱ्या फेरीतच खलास झालं होतं. रॉड तुटून इंजिनचं कवच, म्हणजे ब्लॉक, फोडून बाहेर आला होता. दादाला काही झालं नव्हतं. चाचा म्हणाले, "तेलाचा पंप बसला बेटा. तेल न्हाई पोचलं वरी. असं व्हतं. तुझे पेपर कसे गेले?"

"चांगले गेले, चाचा."

"मंग झालं. अभ्यास कर."

मी त्यांच्यावर विश्वास ठेवला. खरं सांगायचं तर मला ठेवायचाच होता. कॉलेजात मित्रांना सांगताना मी तसंच सांगायचो, बॅलन्सिंग एकदम बरोबर होतं, तेलानं घात केला.

त्याच सत्रात पुढं वर्कशॉपच्या तासाला सरांनी एक रॉड हातात घेतला. म्हणाले, "कारखान्यात रॉडला कॅप आधी बोल्टनं आवळतात, आणि मग दोघांत मिळून भोक पाडतात. त्यामुळं ही कॅप ह्याच रॉडची. दुसऱ्या कुठल्याही रॉडला ती बसेल, पण भोक गोल राहणार नाही. केसाच्या जाडीइतकंसुद्धा चुकलं तरी बेरिंग एका बाजूला घासतं. हळू चालताना कळणार नाही. जोरात पळवलं की जातं." मग त्यांनी सगळ्यांना रॉड हातात घेऊन बघायला दिला. माझ्याकडं आला तेव्हा मी तो पुढच्याला न बघताच दिला.

जरा जड वाटून राहिलंय. चाचांचे ते शब्द आठवले, आणि पुढं मला वर्गात काही ऐकू आलं नाही.

पण पंप बसला होता, असं चाचा म्हणाले होते. मी त्याला धरून राहिलो. कदाचित खरंच पंपच असेल. विचारायचं म्हटलं तर आधी आपण काय केलं ते सांगावं लागणार होतं.

त्या वर्षीच्या दिवाळीत गेलो. शेडमध्ये इंजिन नव्हतं एकही. चाचा फवारणीचे पंप दुरुस्त करत बसले होते, पाठीवर घेतात ते, निळे, प्लास्टिकचे. एका पंपाची नळी तोंडात धरून फुंकत होते. पितळी तराजू खुंटीला होता, पारडी एकात एक घालून फडक्यात बांधलेली.

"इंजिनं बंद केली का, चाचा?"

"आता कोन आनतंय? समदे शोरूमला नेतेत." त्यांनी नळी बसवली. "हे सोपं असतंय. चुकलं तर पानी गळतं. बस."

मी खूप वेळ बसलो. दोनदा तोंड उघडलं. एकदा एक शेतकरी पंप घ्यायला आला, आणि एकदा चाचांनीच मध्ये विचारलं, "ते काट्यावर तोलायचं शिकवतेत का रे तिकडं?" मी शिकवतात म्हणालो. "बराबर," ते म्हणाले, "शिकून घे. नीट शिकून घे." चहा झाला. माझी बस आली. बस सुटेपर्यंत ते रस्त्यावर उभे होते, कुठल्या खिडकीत मी आहे हे न दिसता हात हलवत.

त्यानंतर मी गेलो नाही. फोनही कमी केले. माझा नंबर बदलला तेव्हा नवा कळवायचा राहून गेला. राहून गेला असं लिहितोय, पण तेही पुरतं खरं नाही.

आता मुलांच्या प्रश्नाचं उत्तर. गाडी रोज कॉलेजला आणि बाजारात न्यायची असेल तर बॅलन्सिंग-ब्लूप्रिंटिंगच्या मागं लागू नका. कंपनीनं दिलेली सूट त्या कामाला पुरते, तुम्हाला फरक जाणवणारही नाही. इंजिन वरच्या वेगाला बराच वेळ पळवायचं असेल तर मात्र करा, त्याच्यासारखं काम नाही. थरथर कमी होते, बेरिंग टिकतात, आणि इंजिन शेवटपर्यंत एका सुरात जातं. फक्त क्रम पाळा. आधी माप, मग वजन. माप म्हणजे कुठला तुकडा कुणाचा, तो गोल आहे का, सरळ आहे का. वजनाचे आकडे जुळवण्यासाठी मापाला हात लावू नका. वजन जुळलं की माणसाला सगळं जुळल्यासारखं वाटतं. मला वाटलं होतं. आणि तुमच्याबरोबर जर असा कोणी बसला असेल, ज्याला दिसत नाही पण हाताला कळतं, तो थांबला तर तुम्हीही थांबा.

चाचा, हे तुमच्यासमोर वाचतोय. दुसऱ्या रॉडवर दोन ठिपके होते आणि कॅपवर तीन. मला दिसत होतं.

इथपर्यंत लिहून झालं होतं. पाच दिवसांपूर्वी. वरचं मी तसंच ठेवतो, बदलत नाही.

काल दुपारी मेसच्या बाहेर ताट धुत होतो तेव्हा अनोळखी नंबरवरून फोन आला. शिरड शहापूरचा दादा होता. आमच्या गावी जाऊन वडिलांकडून त्यानं माझा नवा नंबर घेतला होता.

"चाचा गेले रे," तो म्हणाला. "आठ दिवस झाले. तुला कुनीच सांगितलं नसंल."

आठ दिवस. म्हणजे मी पहिलं पान लिहीत होतो तेव्हाच. मी विचारलं, कसे. झोपेत, म्हणाला, तकलीफ झाली नाही. मागच्या वर्षी त्यानंच त्यांना डोळ्यांच्या ऑपरेशनला नेलं होतं. दोन्ही डोळे चांगले झाले होते, पेपरातलं बारीक अक्षरसुद्धा दिसायचं.

"मग इंजिनं परत चालू का नाही केली?" मी विचारलं.

"मी बी हेच म्हनलो. एक डाव न्हाई, दहा डाव. माझंच दुसरं इंजिन घेऊन गेलतो. हात न्हाई लावला त्यांनी."

नळ चालू राहिला होता. मी तो बंद केला. मग विचारलं, "दादा, तेव्हा तेलाचा पंप बसला होता ना?"

"तेलाचा?" तो थांबला. "तेलाचा काहून? पंप तर आज बी माझ्या घरी पडलाय, बराबर चालतो. तुला कोन म्हनलं?"

मी ताट खाली ठेवलं.

"मी समोर व्हतो ना उघडलं तवा. चाचांनी तुटलेला रॉड उचलला, अंगठा फिरवला, अन् खाली ठेवला. मंग खालून ती कॅप शोधून काढली. तिच्यावर फिरवला. लई वेळ बसून राहिले. मी म्हनलो, काय झालं चाचा? तर म्हनले, चूक माझी हाय. माझ्या अंगठ्याला कळलं व्हतं, मी त्याचं ऐकलं न्हाई. मंग पलीकडच्या गॅरेजवाल्याला स्वतः जाऊन सांगितलं, माझ्याच हातनं गेलं म्हनून. त्या दिवसापासून बंद केलं समदं."

रस्त्यावरून एक ट्रॅक्टर जात असावा, फोनमधून त्याचा आवाज आला आणि गेला.

"आज सामान काढून राहिलो शेडातलं," दादा म्हणाला. "तराजू तुला द्यायला सांगितलंय त्यांनी, म्हनून तुझा नंबर हुडकला. कधी येतो?"

मी म्हणालो, येतो.

"ये. अन् एक इचारायचं व्हतं. तू व्हतास ना तवा तिथं, बसवताना? अंगठ्याचं न्हाई ऐकलं म्हनले. मंग ऐकलं कोनाचं, ते काय त्यांनी शेवटपर्यंत सांगितलं न्हाई."